आधी हिशेब द्या, मग हार घाला!

मेलेल्या बाईचा सत्कार करायला छाती लागत नाही. ती उठून प्रश्न विचारत नाही, थकलेले इनाम मागत नाही, शड्डू ठोकून कुणाला मैदानात बोलावत नाही. म्हणूनच आपल्याकडे पराक्रमी बायकांचे सत्कार त्यांना माती दिल्यावरच रंगतात. भारताची पहिली व्यावसायिक महिला पैलवान म्हणून आज जिचे नाव घेतले जाते, ती हमीदाबानू 1986 साली कल्याणात वारली. 38 वर्षांनी, 4 मे 2024 रोजी, गूगल कंपनीने आपल्या शोधपानावर तिचे चित्र लावले आणि देश एका सकाळीत तिच्या अभिमानाने भरून आला. आदल्या रात्रीपर्यंत ज्यांना तिचे नावही ठाऊक नव्हते, ते दुपारपर्यंत तिला ‘आमची वाघीण’ म्हणू लागले.

तिच्या गौरवाला आमचा विरोध नाही. ती या गौरवास शंभर वेळा पात्र होती, आणि तो तिला तिच्या डोळ्यांदेखत मिळायला हवा होता. आमचा संताप आहे तो या गौरवातून जे गाळले जाते त्यावर. ती बलवान होती हे सगळे सांगतात. तिला कोणी अडवले हे कोणी सांगत नाही. तिने शेकडो कुस्त्या मारल्या हे सांगतात; तिच्या कुस्त्या कोणी बंद पाडल्या हे सांगताना सगळ्यांची दातखीळ बसते. ती काळाच्या ओघात विसरली गेली असे लिहून हात धुऊन मोकळे होतात. हे धादांत असत्य आहे! काळाने तिला काहीही केले नाही. माणसांनी केले. तालमींनी केले, कुस्ती संघाने केले, सरकारने केले, घराने केले. ज्याला हे बोलण्याची हिंमत नाही त्याने तिच्या चित्राला हार घालू नये. पराक्रमी बाईला मरणोत्तर मान देण्याचा हक्क त्यालाच आहे, जो तिच्यावरचा अन्याय उघड कबूल करतो आणि आज तिच्या जागी उभ्या असलेल्या मुलीची वाट मोकळी करतो. बाकीचे सत्कार म्हणजे गुन्ह्याचा पुरावा फुलांखाली गाडण्याचा उद्योग आहे.

हे बऱ्हाणपुराने बोलले पाहिजे. मरणोत्तर गौरव म्हणजे काय, हे या शहराइतके दुसऱ्या कोणत्याही शहराने जवळून पाहिलेले नाही. 1631 च्या जून महिन्यात याच गावात मुमताजमहल बाळंतपणात गेली. 19 वर्षांचा संसार, 14 बाळंतपणे, आणि त्यांतली निम्मीच मुले जगली. नवरा दख्खनच्या मोहिमेवर निघाला म्हणून दिवस भरत आलेली बाई त्याच्याबरोबर इथवर आली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला तात्पुरते पुरले, सहा महिन्यांनी पार्थिव आग्र्याला नेले आणि तिच्या नावाने जगातली सर्वांत देखणी कबर बांधली. चारशे वर्षे जग त्या संगमरवराची तारीफ करते आहे. त्या बाईला चौदाव्यांदा मरणाच्या दारात कोणी उभे केले, हा प्रश्न ताजमहालाच्या एकाही भिंतीवर कोरलेला नाही. बाईच्या मरणावर शिल्प उभारायचे आणि मरणाचे कारण त्या शिल्पाखाली दडपायचे, ही रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे. म्हणून आम्ही बऱ्हाणपूरकरांनी तरी कबरीच्या सौंदर्याने दिपून जाऊ नये. आम्ही कारण विचारले पाहिजे.

तर कारण विचारू. हमीदाबानू मूळची मिर्झापूरची. अलीगढला सलाम पैलवान नावाच्या वस्तादाच्या हाताखाली ती तयार झाली आणि वर्तमानपत्रांनी तिला ‘अलीगढची ॲमेझॉन’ म्हणायला सुरुवात केली. उंची 5 फूट 3 इंच, वजन 108 किलो. दिवसाला 6 तास मेहनत आणि 9 तास झोप. खुराक असा की आजही तालमीतली पोरे ऐकून गप्प होतील: रोज साडेपाच लिटरहून अधिक दूध, किलोभर मटण, एक कोंबडी, अर्धा किलो लोणी, 6 अंडी, बदाम, फळांचा रस. वर्तमानपत्रांनी हा खुराक तमाशासारखा छापला. बाई किती खाते यावर रकानेच्या रकाने भरले. पुरुष पैलवान तेवढेच खातो तेव्हा त्याला आपण खुराक म्हणून मान देतो, गावोगाव त्याच्यासाठी दूध बांधून देतो. तिच्या ताटाकडे मात्र नजर लावली गेली. दिवसाचे 6 तास ती अंग मोडून काय करत होती, याची दखल त्या मानाने कितीशी घेतली?

1944 साली मुंबईत गुंगा पैलवानाशी तिची कुस्ती ठरली. ती पाहायला सुमारे 20,000 लोक स्टेडियममध्ये लोटल्याचे ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापले होते. जास्तीचे पैसे आणि तयारीला जास्तीचा वेळ या गुंगाच्या मागण्यांपायी कुस्ती ऐन वेळी रद्द झाली, तेव्हा चिडलेल्या प्रेक्षकांनी स्टेडियमची मोडतोड केली. बायकांच्या कुस्तीला प्रेक्षक येत नाहीत म्हणून इनाम कमी ठेवावे लागते, असे आज जे आयोजक तोंड वर करून सांगतात त्यांनी हा आकडा आपल्या कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवावा. स्वातंत्र्याच्याही आधी, ना दूरचित्रवाणी, ना मोबाईल, आणि एका बाईची कुस्ती पाहायला 20,000 माणसे! प्रेक्षक कधीच कमी नव्हता. आयोजकाची नियत कमी होती, आणि आहे.

1954 साली तिने जाहीर आव्हान दिले: जो मला कुस्तीत हरवील त्याच्याशी मी लग्न करीन. त्यानंतर तिने पतियाळाच्या आणि कलकत्त्याच्या पैलवानांना हरवले आणि मे महिन्यात ती बडोद्याला आली. तिथे छोटे गामा तिच्यासमोर उतरणार होता. बडोद्याच्या महाराजांचा आश्रय असलेला हा पैलवान शेवटच्या घटकेला माघारी फिरला आणि बाईशी लढणार नाही म्हणाला. मग बाबा पैलवान उतरला. 1 मिनिट 34 सेकंद! तेवढ्यात हमीदाबानूने त्याला चीत केले. बाबा पैलवानाने ही आपली शेवटची कुस्ती असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी मुंबईत तिने रशियाच्या वेरा चिस्तिलिनला एका मिनिटाच्या आत हरवले आणि आता युरोपात जाऊन लढणार, असे सांगितले.

तिच्या त्या लग्नाच्या आव्हानाची वर्तमानपत्रांनी गंमत केली. ती गंमत नव्हती. ज्या देशात मुलीला पाटावर बसवून, चालायला लावून, रंग-उंची निरखून पसंत-नापसंत केले जाते, त्या देशात एका बाईने भर मैदानात सांगितले की पारख मी करीन. नवऱ्याने आधी माझ्या बरोबरीचे असले पाहिजे. ते सिद्ध करायचे मैदानही मी ठरवीन आणि नियमही मी ठरवीन. या एका वाक्याने किती पुरुषांच्या पोटात गोळा आला असेल, त्याची कल्पना पुढच्या घटनांवरून करावी.

पुण्यात रामचंद्र साळुंखे या पैलवानाशी तिची कुस्ती ठरली. स्थानिक कुस्ती संघाने हरकत घेतली आणि कुस्ती रद्द झाली. ज्या पुण्यात जोतिरावांनी आणि सावित्रीबाईंनी मुलींसाठी शाळा काढली, त्या पुण्यात शंभर वर्षांनंतर एका बाईला हौद्यात पाय ठेवू दिला गेला नाही. सावित्रीबाईंवर शेण फेकणाऱ्यांची जात अजून मेलेली नव्हती. त्या जातीने फक्त पैलवानी पेहराव केला होता. दुसऱ्या एका कुस्तीत हमीदाबानूने पुरुष पैलवानाला हरवले, तेव्हा प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली, तिच्यावर दगड फेकले आणि जमाव आवरायला पोलिसांना मध्ये पडावे लागले. ती हरली असती तर एकही दगड सुटला नसता. तिला दगड बसले ते जिंकल्याबद्दल. हारांच्या रांगेत उभे राहणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे: तिला दगड बसले ते जिंकल्याबद्दल!

मग ती सरकारकडे गेली. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तिने आपल्या कुस्त्यांवरच्या बंदीची तक्रार केली. उत्तर आले की बंदी तू बाई आहेस म्हणून नाही. तुझ्या कुस्त्या भरवणाऱ्यांबद्दल तक्रारी आहेत, तुझ्यासमोर ते लुटूपुटूचे पैलवान उभे करतात. म्हणजे नूरा कुस्तीचा आरोप. हा आरोप आम्ही झटकून टाकत नाही. पैलवान आधी ठरवून तिच्याकडून हरायचे, अशी कुजबुज त्या काळी होती आणि पुढे पुस्तकांतही ती नोंदली गेली. काही कुस्त्या ठरवून झाल्याही असतील. पण मग ठरवल्या कोणी? पैसे कोणी घेतले? तिकिटांचा गल्ला कोणाच्या खिशात गेला? आयोजकांच्या! तक्रार ज्यांच्याविरुद्ध, त्यांच्यावर कारवाई करायची सोडून जिचे पोट कुस्तीवर होते तिचा हौदा बंद करणे, हा कोणत्या राज्यातला न्याय? नूरा कुस्ती पुरुषांच्या फडात कधी झाली नाही, असे छातीवर हात ठेवून एक तरी वस्ताद सांगू शकेल काय? त्या पापाबद्दल सगळ्या पुरुषांचा हौदा कोणत्या मुख्यमंत्र्याने कधी बंद केला? तिच्या विजयांबद्दल शंका होती तर सरकारने निःपक्ष पंच नेमायचे होते, राज्यातले नावाजलेले पैलवान तिच्यापुढे उभे करायचे होते. शंका आपोआप फिटली असती. पण तसे केले असते आणि ती खरोखरच जिंकली असती तर?

त्याच काळात व्यावसायिक फ्रीस्टाइल कुस्तीचा बोलबाला होता. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या झुंजींना गर्दी लोटत असे, आणि त्या साऱ्या प्रकाराबद्दलही लोक ‘ठरवून केलेल्या’ म्हणून कुजबुजत असत. त्या कुजबुजीने दारासिंगांचे काही अडले नाही. ते सिनेमाचे नायक झाले, घराघरांत हनुमान म्हणून पुजले गेले, 2003 साली राज्यसभेवर नेमले गेले. त्यांच्या मोठेपणाला आम्ही बोट लावत नाही. त्यांना मिळाले ते त्यांच्या हयातीत मिळाले याचा आनंदच आहे. आमचा सवाल इतकाच, की तोच संशय एकाच्या वाटेत खडा ठरला नाही आणि दुसरीच्या वाटेत भिंत का झाला? उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि जे सरकारने अर्धवट सोडले ते घराने पुरे केले. बीबीसीने तिच्या कुटुंबीयांशी आणि शेजाऱ्यांशी बोलून जी हकीकत मांडली ती अंगावर काटा आणते. ती युरोपला जाऊ नये म्हणून वस्ताद सलाम पैलवानाने तिला मारहाण केली, तिचे हात मोडले, असे घरचे सांगतात. पाय मोडले, पुढे कित्येक वर्षे तिला लाठीशिवाय चालता येईना, असे शेजारी सांगतात. तपशिलात फरक आहे. पण ज्या बाईला पुरुष पैलवान मैदानात चीत करू शकले नाहीत, तिची हाडे चार भिंतींच्या आत मोडली गेली, यावर दोघांचेही एकमत आहे. हात मोडले की पाय, एवढाच वाद जिच्या चरित्रात उरतो, तिच्या चित्राखाली ‘प्रेरणादायी प्रवास’ असे शब्द लिहिताना लाज वाटली पाहिजे!

ती युरोपला गेली नाही. तिचे नाव वर्तमानपत्रांतून नाहीसे झाले. कल्याणात राहून तिने दुधाचा धंदा केला, खोल्या भाड्याने दिल्या आणि हातचा पैसा संपला तेव्हा रस्त्याच्या कडेला बसून घरी केलेले खाण्याचे पदार्थ विकले. मुंबईहून निघणारी गाडी कल्याण, नाशिक, भुसावळ करत आपल्या बऱ्हाणपुरावरून खंडव्याकडे जाते. त्या काळात या मार्गाने गेलेल्या आपल्यापैकी कितीजणांनी कल्याणला चहासाठी गाडीतून पाय खाली ठेवला असेल! जिने एकदा मुंबईत 20,000 माणसे जमवली होती ती बाई त्याच गावात उन्हात बसून चार पैशांची विक्री करत होती. ना सरकारचे निवृत्तिवेतन, ना कुस्ती संघाची विचारपूस, ना एखाद्या तालमीत वस्ताद म्हणून मानाची जागा. तिला ठाऊक असलेले डावपेच तिच्याबरोबर गेले. या देशातल्या पहिल्या महिला पैलवानाला एक पट्टशिष्या घडवता आली असती, तर आपली महिला कुस्ती चाळीस वर्षे आधी उभी राहिली असती. नुकसान तिचे एकटीचे झाले नाही. ते दोन पिढ्यांच्या मुलींचे झाले.

खेळाडू जिवंत असताना पाठ फिरवायची आणि मेल्यावर टाहो फोडायचा, हा रोग पुरुषांच्याही वाट्याला आला आहे, हे आम्ही नाकारत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. 1984 साली ते अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावाने जाहीर झाला तो मृत्यूला 15 वर्षे उलटून गेल्यावर. पण खाशाबांना हौद्यात उतरण्यापासून कोणी रोखले नव्हते. उपेक्षा त्यांच्या विजयानंतर सुरू झाली. हमीदाबानूला विजयाचाच दरवाजा बंद केला गेला. उपेक्षा आणि बंदी यांत फरक आहे, आणि तो फरक बाई असण्याचा आहे.

हा रोग फक्त आपल्या मातीतला आहे असेही नाही. इंग्लंडच्या बार्बरा बट्रिकने त्याच सुमारास मुष्टियुद्धाचे हातमोजे चढवले. उंची पाच फुटांहूनही कमी. जत्रांमधल्या रिंगणात ती लढली, मायदेशात निषेध सोसला, शेवटी अमेरिकेला गेली आणि 1957 साली तिथे महिलांचे जागतिक विजेतेपद मिळवले. ब्रिटनमध्ये बायकांना व्यावसायिक मुष्टियुद्धाचा परवाना मिळाला तो 1998 साली, तोही जेन काउच या मुष्टियोद्धीने दावा लावून तो जिंकल्यानंतर. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची कुस्ती आली 1896 साली, बायकांची 2004 साली. पुरुषांचे मुष्टियुद्ध आले 1904 साली, बायकांचे 2012 साली. दोन्ही खेळांत बरोबर 108 वर्षे! त्या 2012 साली मणिपूरची मेरी कोम लंडनहून कांस्यपदक घेऊन आली, तेव्हा ती पाच वेळा जगज्जेती झालेली होती. पहिली जागतिक महिला मुष्टियुद्ध स्पर्धा 2001 साली झाली, त्यातही तिने रौप्यपदक जिंकले होते. म्हणजे मुलगी तयार होती, खेळ तयार नव्हता. कुवत नेहमी आधी आली. परवानगी शंभर वर्षे मागून आली.

आता कोणी म्हणेल, झाले ते झाले, आज काळ बदलला. बदलला? 28 मे 2023 रोजी दिल्लीत नव्या संसद भवनाचे उद्घाटन चालू असताना, तिथून थोड्याच अंतरावर देशाला पदके आणून देणाऱ्या महिला कुस्तीगिरांना पोलिसांनी रस्त्यावरून फरफटत नेले, ते सगळ्या देशाने पाहिले. त्यांनी कुस्ती महासंघाच्या अध्यक्षावर लैंगिक छळाचे आरोप केले होते. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. तो अधिकार आमचा नाही. पण तक्रार करणाऱ्या मुलीला आधी रस्त्यावर बसावे लागते आणि मग रस्त्यावरूनही उचलले जाते, याचा निवाडा करायला न्यायालय लागत नाही. त्याच महिन्यात राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला क्रीडा महासंघांना नोटिसा काढाव्या लागल्या, कारण देशातल्या 30 महासंघांपैकी जवळपास निम्म्यांकडे कायद्याने बंधनकारक असलेली अंतर्गत तक्रार समिती धड नव्हती. कायदा 2013 चा! दहा वर्षे महासंघ झोपले होते, आणि ज्याने त्यांना जाब विचारायचा त्या खात्यानेही डोळे मिटले होते. त्या वर्षाच्या शेवटी, 21 डिसेंबरला, ऑलिम्पिक पदक जिंकणारी भारताची पहिली महिला कुस्तीगीर साक्षी मलिक हिने आपले बूट टेबलावर ठेवले आणि कुस्ती सोडली. हमीदाबानूची कुस्ती बाहेरच्यांनी थांबवली. साक्षीला ती स्वतःच्या हाताने थांबवावी लागली. सत्तर वर्षांची प्रगती म्हणायची ती हीच काय?

महाराष्ट्र केसरीची स्पर्धा 1961 साली सुरू झाली. मुलींना पहिली महिला महाराष्ट्र केसरी मिळाली ती मार्च 2023 मध्ये, सांगलीत. 62 वर्षांनी! प्रतीक्षा बागडीने ती गदा जिंकली. अंतिम फेरीत तिच्यासमोर उभी होती वैष्णवी पाटील, आणि ती होती कल्याणची. ज्या गावात देशाची पहिली महिला पैलवान रस्त्याकडेला बसून म्हातारी झाली, त्याच गावातून 37 वर्षांनी एक मुलगी राज्याच्या अंतिम कुस्तीपर्यंत धडकते! ही आशेची गोष्ट आहे. तिचे श्रेय त्या मुलीला, तिच्या घरच्यांना, तिच्या वस्तादांना. जी व्यवस्था 62 वर्षे हातावर हात ठेवून बसली तिला या श्रेयातला कणभरही वाटा मागण्याचा अधिकार नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. निमाड आणि खानदेश हा कुस्तीचा मुलूख आहे. नागपंचमीला आणि जत्रांना इथे कुस्त्यांचे फड रंगतात, बक्षिसांच्या रकमा लाउडस्पीकरवरून गावभर ऐकू येतात. त्या फडांत मुलींच्या किती कुस्त्या लागतात? लागल्या तर कितव्या? आणि इनाम? मुलग्यांच्या मानाच्या कुस्तीच्या अर्धे तरी असते का? तालमीत मारुतीची मूर्ती आहे, बाईची सावली चालत नाही, असे सांगणारे वस्ताद आजही आहेत. आम्ही त्यांना स्पष्ट सांगतो: विटाळाच्या या भाकडकथेला मारुतीची साक्ष काढू नका. अशोकवनात एकट्या बाईच्या मदतीसाठी समुद्र ओलांडून जाणारा तो देव आहे. मुलीने मेहनत केली म्हणून बाटणारा नव्हे.

आणि बायकांचे शरीर नाजूक असते हे तर आम्हाला कोणी या जिल्ह्यात सांगूच नये. इथल्या केळीच्या बागांत, कापसाच्या शेतांत, पॉवरलूमच्या घराघरांत बाया दिवसभर राबतात. डोक्यावर ओझे, कडेवर मूल, हातात काम. ओझे वाहताना त्यांचे शरीर कुणाला नाजूक वाटत नाही. तेच शरीर तिने स्वतःच्या आनंदासाठी, स्वतःच्या नावासाठी कमवायचे म्हटले की लगेच संस्कृती धोक्यात येते! बाईच्या ताकदीला या समाजाची हरकत कधीच नव्हती. ती ताकद तिच्या स्वतःच्या मालकीची असण्याला हरकत होती.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत, आणि त्या हार घेऊन आलेल्या प्रत्येकासमोर आम्ही ठेवतो. सरकारी जागेवर किंवा नगरपालिकेच्या, आमदार-खासदारांच्या निधीवर उभी असलेली प्रत्येक तालीम आणि व्यायामशाळा मुलींना खुली झाली पाहिजे. जी होणार नाही तिचा निधी त्याच महिन्यात थांबला पाहिजे. तिथे मुलींसाठी कडी लागणारी कपडे बदलण्याची खोली आणि पाणी असलेले स्वच्छतागृह हवे, आणि शिकवायला पगारी महिला प्रशिक्षक हवी. फडात मुलींच्या मानाच्या कुस्तीला मुलांच्या मानाच्या कुस्तीइतकेच इनाम हवे; जो आयोजक ते देणार नाही त्याच्या फडाला मंत्र्यांनी, पुढाऱ्यांनी पाय लावू नये. तक्रार समितीच्या सदस्यांची नावे आणि फोन नंबर प्रत्येक तालमीच्या दर्शनी भिंतीवर रंगवलेले हवेत, म्हणजे मुलीला न्यायासाठी दिल्लीच्या रस्त्यावर झोपावे लागणार नाही. म्हाताऱ्या झालेल्या खेळाडू बायकांना शोधून काढून सन्मानाचे निवृत्तिवेतन द्या. त्या गेल्यावर नव्हे, आज. आणि कुस्ती संघांनी आपापली जुनी दफ्तरे उघडावीत. बाईची कुस्ती म्हणून कोणत्या कुस्त्यांना हरकत घेतली, कोणी घेतली, कोणत्या कारणाने घेतली, ते छापून जाहीर करावे आणि त्याखाली माफीचे दोन शब्द लिहावेत.

पुढाऱ्यांनो, पुतळ्याची घोषणा करून आमची तोंडे बंद होतील या भ्रमात राहू नका. पुतळा घाम गाळत नाही, कुस्ती मागत नाही, तक्रार करत नाही. म्हणूनच तो तुम्हाला प्रिय आहे. आम्हाला पुतळा नको, हौदा हवा! आईबापांनो, मुलगी तालमीचे नाव काढते तेव्हा लोक काय म्हणतील हे विचारू नका. लोक काय म्हणतात ते हमीदाबानूने ऐकले होते, दगडांसह. आणि त्या लोकांपैकी एकाचेही नाव आज कुणाला आठवत नाही. वस्तादांनो, तुमच्या दाराशी आलेल्या मुलीला परत पाठवाल तर हे ध्यानात ठेवा की तुमची गणना त्या पुण्याच्या संघात होईल, त्या दगड मारणाऱ्या जमावात होईल, त्या हाडे मोडणाऱ्या हातांत होईल. इतिहास तुम्हाला तिथेच उभे करील.

येत्या नागपंचमीला बऱ्हाणपुरातली पहिली मानाची कुस्ती मुलींची लागली पाहिजे. पहिली! शेवटची नव्हे, मधली नव्हे, वेळ उरला तर नव्हे. इनाम मुलांइतके, पंच निःपक्ष, दरवाजे सगळ्या जातीधर्मांच्या मुलींना उघडे. ज्या आयोजकाची ही तयारी असेल त्याच्या फडाला हे पत्र पहिल्या पानावर जागा देईल. ज्याची नसेल त्याचेही नाव आम्ही छापू, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत!